शिशाचं भांडं गळतंय? फेकू नका, आधी वॉल्व्ह बघा



बंदीचे दिवस चालू आहेत. १ जून ते ३१ जुलै होडी वर, इंजिन उघडलेलं आणि माणसं जाळ्यांत बसलेली. ह्याच दिवसांत आपण जाळ्याची खालची दोरी नवी करतो, पागाला शिसं लावतो, तुटलेलं, हरवलेलं शिसं पुन्हा ओततो. म्हणून आजचा विषय शिसं ओतायच्या भांड्याचा. आपल्या शेडमधल्या भांड्यावरून गेला महिनाभर जी चर्चा चालली आहे ती सगळ्यांना ठाऊक आहेच. ते भांडं आता दुरुस्त झालं आहे. कसं झालं ते सविस्तर लिहितो. कारण असं भांडं आता आणखी दोघा-तिघांनी घरी आणलंय आणि त्यांचंही उद्या गळणार आहे.

आधी झालं काय ते सांगतो.

आपल्या एका सभासदाचा भाऊ जहाजावर आहे. त्यानं दोन वर्षांपूर्वी हे विजेवर चालणारं भांडं आणून दिलं. वरून शिसं टाकायचं, बटण फिरवून उष्णता ठरवायची, वितळलं की दांडी उचलायची. शिसं खालच्या तोटीतून थेट साच्यात पडतं. पळी नको, वाकवायला नको. अमेरिकेत घरी बंदुकीच्या गोळ्या ओतणारे हौशी लोक हेच भांडं वापरतात, आणि गळाचं शिसं ओतणारेही हेच वापरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय गोळ्या करणं हा गुन्हा आहे, तेव्हा आपला संबंध फक्त जाळ्याच्या शिशाशी.

पहिलं वर्ष छान गेलं. ह्या वर्षी जूनमध्ये चालू केलं आणि तोटी गळायला लागली. दांडी खाली असताना सुद्धा थेंब, थेंब, थेंब. कुणी म्हणालं भोक मोठं झालं, कुणी म्हणालं बाहेरचा माल असाच. मी स्वतः चूक केली ती ही की "गळूदे, खाली डबा ठेवा" म्हणून सांगितलं. पावसाचे दिवस, शेडची जमीन ओली. डबा थोडा सरकला आणि एक थेंब ओल्या सिमेंटवर पडला. फट् करून आवाज झाला आणि शिसं उडालं. साचा धरून बसलेल्या पोराच्या भुवईला चटका बसला. डोळ्यापासून एक बोट वर. अजून ते आठवलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मी भांडं बंद करून कुलपात ठेवलं. वाटलं, प्रश्न मिटला. मिटला नव्हता. आठ दिवसांनी एक वहिनी सोसायटीत आली आणि म्हणाली, "सचिवभाऊ, तुम्ही तिथं बंद केलं, आता आमच्या घरात चालू झालंय. भाकरीच्या तव्याशेजारी शिशाची कढई असते. बारकी पोरं तिथंच रांगतात." मग समजलं की दोन घरांत शिसं पुन्हा स्वयंपाकाच्या शेगडीवर वितळायला लागलं होतं. म्हणजे गळक्या भांड्यापेक्षा वाईट.

त्याच दिवशी ठरवलं, हे भांडं नीट करायचंच.

भांडं म्हणजे तरी काय?

आमचे जुने तांडेल काका, ज्यांनी आयुष्यभर स्वतःच्या इंजिनाचं काम स्वतः केलं, त्यांनी भांडं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "अरे, ह्यात काय आहे? हा इंजिनाचा वॉल्व्ह आहे, उभा लावलेला."

अगदी बरोबर. भांड्याच्या तळाला एक भोक, त्याची वरची कड आतून निमुळती घासलेली. ती सीट. वरून एक लोखंडी रॉड येतो, त्याचं टोक पेन्सिलीसारखं निमुळतं. तो वॉल्व्ह. रॉड स्वतःच्या वजनानं सीटवर बसला की भोक बंद, दांडीनं उचलला की चालू. बस्स, बाकी काही नाही. रबर नाही, वायसर नाही. लोखंडावर लोखंड बसतं आणि शिसं अडतं.

म्हणजे गळण्याचं कारणही तेच, जे इंजिनाच्या वॉल्व्हचं असतं. टोक आणि सीट ह्यांच्यामध्ये काहीतरी अडकलंय, किंवा रॉड तिरका बसतोय, किंवा दोन्ही पृष्ठभाग खडबडीत झालेत. शंभरातली बहुतेक भांडी फुटलेली नसतात. मळलेली असतात.

आणि मळणार नाहीत तर काय? आपण त्यात टाकतो काय ते बघा. जुनं जाळ्याचं शिसं, त्याच्यावर वाळू, शेवाळ, मीठ, दोरीचे धागे. हा सगळा कचरा वितळलेल्या शिशावर तरंगतो, कारण शिसं पाण्याच्या अकरापट जड आहे. पण भांडं रिकामं होत आलं की वरची मळी खाली उतरते आणि सीटवर बसते. वाळूचा एक कण पुरे. शिवाय आपली खारी हवा. भांडं वर्षभर रिकामं पडलं की आतून गंजतं, आणि गंजाची पूड सुटून नेमकी तळाशी जाते.

दुरुस्ती: सोप्याकडून अवघडाकडे

ह्या क्रमानंच करा. पहिल्या दोन पायऱ्यांतच बऱ्याचदा काम होतं.

पायरी ०. थेंब कुठून येतो ते आधी बघा. भोकाच्या मधून येतो की बाजूनं? काही भांड्यांची तोटी आट्यांवर बसवलेली असते. आट्यांतून गळत असेल तर रॉडशी झटापट करून उपयोग नाही, भांडं थंड करून तोटी काढून, आटे साफ करून पुन्हा घट्ट बसवायची. आमच्या भांड्यात थेंब भोकातूनच येत होता.

पायरी १. गरम असतानाच रॉड फिरवा. रॉडच्या वरच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हरची खाच असते. शिसं पूर्ण वितळलेलं असताना, लांब स्क्रू-ड्रायव्हरनं, हलका दाब देऊन रॉड डावीकडे-उजवीकडे दहा-बारा वेळा फिरवायचा. अडकलेला कण दळला जातो किंवा सुटतो. तरी गळलं तर खाली कोरडं लोखंडी भांडं ठेवून दांडी पूर्ण उचला आणि दोन-तीन सेकंद जोरात धार सोडा. धारेबरोबर कण बाहेर येतो. हातोडीनं ठोकू नका. टोक चेपलं की मग खरंच गळेल.

पायरी २. रॉड सरळ लोंबतोय का? दांडीचा स्क्रू ढिला किंवा पट्टी वाकलेली असली की रॉड एका बाजूला रेलतो आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. पट्टी सरळ करून, स्क्रू आवळून, रॉड मधोमध आणि मोकळा बसला पाहिजे. रॉड फार हलका वाटला तर वरच्या टोकावर थोडं वजन चढवा. आम्ही एक जुना जड नट चढवलाय. मात्र वजन हा तात्पुरता उपाय. कचरा असताना वजन वाढवलं तर कचरा सीटमध्ये रुततो.

पायरी ३. उष्णता बघा. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. साच्यात नीट भरायला ३६० ते ४०० पुरतं. आपल्यातले काही जण "लवकर होऊंदे" म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवतात. त्यानं मळी जास्त होते, धूरही जास्त. उलट उष्णता फार कमी झाली तर तोटीच्या तोंडाशी शिसं गोठतं. तेव्हा खालून तार घालून, वाकून बघत खुपसणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार. गोठलेला बूच सुटला की सगळी धार हातावर येते. उष्णता वाढवा, थांबा, ते आपोआप सुटतं.

पायरी ४. रिकामं करून साफ करा. वरच्या उपायांनी थांबलं नाही तर सगळं शिसं कोरड्या साच्यांत ओतून घ्या, प्लग काढा आणि भांडं पूर्ण थंड होऊ द्या. पूर्ण म्हणजे दुसऱ्या दिवशी. मग रॉड काढा. आमच्या रॉडच्या टोकाला काळी पापडी धरली होती आणि भांड्याच्या भिंतीवर गंजाचे पापुद्रे होते. तारेच्या ब्रशनं आणि स्टीलच्या काथ्यानं दोन्ही साफ केलं. तोटीच्या भोकात त्याच मापाचा ड्रिलचा बिट हातानं फिरवून आतला कचरा काढला. मशीन लावू नका, भोक मोठं होईल. ब्रश मारताना पूड उडते, ती शिशाचीच असते. तोंडाला मास्क लावा, उघड्यावर करा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि नंतर ते पूडीसकट गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका.

पायरी ५. वॉल्व्ह घासा. हे आपल्याला शिकवायला नको. हेडचे वॉल्व्ह बसवताना जी पेस्ट लावतो तीच, बारीक दाण्याची. रॉडच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट लावा, रॉड सीटवर ठेवा आणि दोन तळहातांत धरून घुसळल्यासारखा फिरवा. थोड्या वेळानं उचला, पाव फेरा फिरवून पुन्हा ठेवा. अर्ध्या मिनिटानं पुसून बघा. टोकाभोवती एकसारखा करडा पट्टा दिसला, कुठंही न तुटलेला, की सीट बसली. पट्टा तुटलेला असला तर आणखी घासा. आम्हाला तीन वेळा करावं लागलं.

इथं दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पेस्टचा एकही कण आत राहता कामा नये. पेस्ट म्हणजे वाळूच. राहिली तर पुन्हा गळणार. थिनरच्या फडक्यानं दोन-तीनदा पुसा. दोन, हेडमध्ये आपण रॉकेल भरून वॉल्व्ह झिरपतो का बघतो, तसं इथं रॉकेल किंवा पाणी ओतून बघू नका. थिनरचा वास पूर्ण जाईपर्यंत पंख्याखाली ठेवा, मगच प्लग लावा. ओल असताना शिसं घालायचा विचारही नको.

पायरी ६. तरी गळलं तर नवा रॉड. टोक फारच चेपलं असेल तर लेथवाल्याकडून नवा रॉड वळवून घ्या, जुन्याचाच कोन ठेवून. साधं लोखंड किंवा स्टेनलेस चालेल. पितळेचा करू नका आणि गॅल्व्हनाइजचा तर नकोच, त्यावर जस्त असतं.

आमचं भांडं पाचव्या पायरीला थांबलं. नऊ किलो शिसं भरलं, दांडी सोडली, सगळे तोटीकडे डोळे लावून बसलो. पाच मिनिटं झाली, एक थेंब नाही. तांडेल काका उठले आणि चहा घ्यायला गेले. बाकी काही बोलले नाहीत. तासाभरात एखादा थेंब पडला तर घाबरू नका, तेवढं चालतं. म्हणूनच तोटीखाली कोरडा लोखंडी साचा कायम ठेवायचा.

पुन्हा गळू नये म्हणून

पहिली गोष्ट: घाणेरडं शिसं ह्या भांड्यात टाकायचं नाही. आता शेडच्या बाहेर जुनी लोखंडी कढई ठेवली आहे. जुनं शिसं आधी उन्हात किंवा शेगडीजवळ कोरडं करायचं, थंड कढईत ठेवून मग वितळायचं, वरची मळी लोखंडी झाऱ्यानं काढायची आणि स्वच्छ शिशाच्या विटा पाडायच्या. विजेच्या भांड्यात फक्त ह्या विटा जातील. मेण, लाकडाचा भुसा, कोळसा जे काय टाकून शिसं साफ करायचं असेल ते कढईत. त्याची राख रॉडखाली गेली की आपलं पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी: जस्त येऊ देऊ नका. होडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून जी झिंकची पट्टी लावतो, तिचे जुने तुकडे शिशाच्या भंगारात मिसळलेले मला स्वतःला सापडलेत. गाडीच्या चाकाला लावायची वजनंही हल्ली कितीतरी झिंकचीच असतात. जस्त ४१९ अंशाला वितळतं. शिशात मिसळलं की शिशाची पेज होते, साचा भरत नाही आणि तोटी तुंबते. ओळखायची रीत सोपी: शिसं नखानं ओरखडतं, कागदावर पेन्सिलीसारखी रेघ उठते, जमिनीवर टाकलं तर धप्प वाजतं. जस्त नखाला दाद देत नाही आणि खणखणतं. कढईची उष्णता ४०० च्या आत ठेवली तर चुकून आलेलं जस्त न वितळता वर तरंगतं, ते झाऱ्यानं काढून टाकता येतं.

तिसरी: बॅटरीचं शिसं नको. कितीही फुकट मिळालं तरी नको. त्यात ॲसिड असतं आणि वितळताना विषारी धूर येतो. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यायची.

चौथी: भांडं पूर्ण रिकामं करून ठेवू नका. काम संपल्यावर तळाशी दोन बोटं स्वच्छ शिसं राहू द्या. सीट आणि टोक झाकलेलं राहतं, खारी हवा तिथं पोचत नाही. वर झाकण, त्यावर कोरडं पोतं.

पाचवी, नवं भांडं मागवणाऱ्यांसाठी: मागची पट्टी वाचून घ्या. अमेरिकेतलं भांडं ११० व्होल्टचं असतं, आपली वीज २३० ची. तसंच लावलं तर चौपटीहून जास्त ताकद जाते आणि कॉइल जळते. २२० व्होल्टचं मॉडेलच मागवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं

गळणं बंद झालं म्हणजे धोका संपला असं नाही. दोन शत्रू कायम आहेत.

पहिला पाणी. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट फुगते. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब सापडला तर ती वाफ शिसं घेऊनच वर उडते. म्हणून ओला साचा, ओली पळी, ओलं शिसं, घामाचा थेंब, गळकं छप्पर, काहीही चालणार नाही. शेडच्या त्या कोपऱ्यावर आता नवा पत्रा घातला आहे आणि जमिनीवर कोरड्या वाळूचा थर टाकला आहे. चष्मा, चामड्याचे हातमोजे, पूर्ण पँट आणि बूट असल्याशिवाय भांड्याजवळ कुणी बसणार नाही. चप्पल आणि हाफ पँटवाल्याला मी स्वतः उठवीन, मग तो सोसायटीचा अध्यक्ष असो.

दुसरा शत्रू दिसत नाही. तो म्हणजे शिशाची पूड. आपण धुराला घाबरतो, पण शिसं अंगात जातं ते जास्त करून हातानं. शिसं हाताळलं, तसाच बिडी ओढली, तसाच लाडू खाल्ला. तेच कपडे घालून घरी गेलो, पोराला उचललं. पोर जमिनीवर रांगतं, बोट तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांच्या रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. मोठ्या माणसाला जे पचल्यासारखं वाटतं, ते लहान पोराच्या मेंदूवर कायमचं राहतं. पोर अभ्यासात मागं पडतं, चिडचिड करतं, आणि आपल्याला कधी कळतच नाही की हे कशामुळं. गरोदर बाईच्या अंगातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

मी स्वतः वीस वर्षं घरच्या मागच्या पडवीत, चुलीवर, कढईत शिसं वितळलंय. बाबा तसंच करायचे, म्हणून मीही केलं. माझी पोरं तिथंच खेळून मोठी झाली. तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

तेव्हा आपले नियम, कार्यकारिणीनं मान्य केलेले:

• शिसं फक्त सोसायटीच्या शेडमध्ये ओतायचं. घरात, पडवीत, होडीवर नाही.
• मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी ९ ते १२. भांड्याजवळ कायम एक जाणकार माणूस असेल.
• लहान मुलं आणि गरोदर महिला शेडमध्ये येणार नाहीत.
• तिथं खाणं, पिणं, बिडी, तंबाखू बंद. बाहेर पडताना साबणानं हात आणि तोंड धुवायचं.
• ते कपडे वेगळे धुवायचे.
• मळी आणि पूड झाकणाच्या डब्यात. खाडीत एक चिमूटसुद्धा नाही. ज्या पाण्यातली मासळी आपण खातो तिथंच विष कसं टाकणार?
• भांडं गळायला लागलं तर "चालवून घ्या" नाही. लगेच बंद, आणि पायरी ० पासून सुरुवात.

शेगडीवर शिसं वितळणाऱ्या त्या दोन्ही घरांनी कढया शेडमध्ये आणून दिल्या आहेत. त्यांचे आभार. त्यातली एक कढई आता विटा पाडायला वापरतोय. आणि ती तक्रार घेऊन आलेल्या वहिनीचे विशेष आभार. आम्ही सगळे पुरुष तोटीकडे बघत होतो, तिनं घराकडे बघायला लावलं.

ज्या पोराला चटका बसला तो बरा आहे. भुवईवर छोटा डाग राहिलाय. गेल्या शुक्रवारी चष्मा लावून तोच साचा धरायला पहिला बसला.

कुणाला वॉल्व्ह घासायला मदत हवी असेल तर भांडं थंड आणि रिकामं करून शेडमध्ये घेऊन या. पेस्ट सोसायटीची, हात तुमचे. नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांची जाळी तयार झाली पाहिजेत.

दर्या सगळ्यांना भरभरून देवो.

आपला,
सचिव